अवलंबून व्यक्ती: दोन

"चादर घट्ट धर," ताई म्हणाली, आणि दोघी बहिणींनी मिळून आईला डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळवलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी असं वळवावं लागे. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून नऊ वर्षं हेच चाललं होतं. कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर ताईने दुपारच्या दोनपुढे खूण केली.

धाकटी इस्पितळात नर्स होती. सेहेचाळिसाव्या वर्षी तिने विद्यापीठात नाव घातलं, तेही समाजकल्याण आणि आरोग्य धोरणांच्या तुलनात्मक अभ्यासाला. कुठल्या देशात आजाऱ्यांचं कोण करतं, सरकार किती आणि घर किती, असला तो विषय. घरात तुलना करायला माणसं कमी पडली वाटतं, असं ताई तेव्हा म्हणाली होती. पण धाकटीचा प्रत्येक निबंध ताईच पेन्सिल घेऊन तपासायची. आईसाठी नोकरी सोडेपर्यंत ती शाळेत शिकवत होती, आणि वेडंवाकडं वाक्य दिसलं की अजूनही तिला राहवत नसे.

शेवटचा प्रबंध आज पाचच्या आत विभागात द्यायचा होता, नाहीतर दोन वर्षं पाण्यात. एका कुटुंबाची पाहणी करायची आणि ती तीन देशांच्या धोरणांशी ताडून बघायची. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, म्हणून धाकटीने आपलंच घर घेतलं होतं.

ताई वाचत होती आणि रात्रपाळी करून आलेली धाकटी खुर्चीतच पेंगत होती. पानांचा आवाज थांबला तशी तिला जाग आली. ताईने एक तक्ता तिच्यापुढे सरकवला. कमावती व्यक्ती: एक. अवलंबून व्यक्ती: दोन (आई, बहीण).

"तक्ताच तसा असतो, ताई. कमावत नाही तो अवलंबून. तिन्ही देशांत हीच व्याख्या आहे." धाकटी घाईने म्हणाली.

"मग बरोबर असेल," ताई म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने पेन्सिल खाली ठेवली, चारला आईला तू वळव म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन आडवी झाली. दुपारी तिला आडवं झालेलं धाकटीने नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं.

चार वाजता धाकटीने चादर ओढली. आई हलली नाही. इस्पितळात या कामाला नेहमी दोघी असत. दुसऱ्यांदा ओढली तर आईचा हात अंगाखाली अडकला आणि ती कण्हली. वीस वर्षं नर्स असलेल्या बाईने आपल्याच आईपुढे हात टेकले.

"गुडघा," आई अर्ध्या ओठांनी म्हणाली.

धाकटीने गुडघा गादीवर टेकवला. तिथे एक खळगा होता. तिचा गुडघा त्यात बरोबर बसला, अंगात जोर आला आणि आई सावकाश वळली. नऊ वर्षं ती कामावर असताना ताई एकटीच इथे गुडघा टेकत आली होती. धाकटीला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने कागदावर चारपुढे खूण केली. मग तक्त्यातला 'बहीण' शब्द खोडून तिथे 'मी' लिहिलं आणि पान ताईकडे नेलं. ताई जागीच होती. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"सर गुण कापतील."

"कापू देत."

"आणि मग मी कुठे?"

धाकटीने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. ताईला बसवावं असा रकानाच त्यात नव्हता. बस सुटायला दहा मिनिटं होती. तिने पट्टी आणली आणि समासात नवा रकाना आखायला घेतला, पण पट्टी सरकली आणि रेघ वाकडी गेली.

"सरळ ओढ," ताई म्हणाली, आणि उठून बसत तिने पट्टी दोन्ही हातांनी दाबून धरली.