निळ्या बाटलीचा तळ आणि मी, तांब्याची टोचणी

मित्रांनो, जरा नीट बसा. मी जुनी आहे आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही. ज्याला आपले वय लपवावेसे वाटते, त्याने आयुष्यात फारसे काही केलेले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. एक लाकडी मूठ आणि तिच्यातून बोटभर बाहेर आलेली तांब्याची जाड तार, एवढाच माझा देह. घरात मला टोचणी म्हणतात. माझे टोक काचेच्या किंवा दगडाच्या कडेवर दाबले की खालून पातळ कपची सुटते. अशा शेकडो कपच्या सुटल्या म्हणजे बाणाचे एक टोक तयार होते. फार पूर्वी माणसे शिकारीसाठी अशी टोके घडवीत. आमच्या घरी ती केवळ हौसेने घडतात.

माझी तार एका मोठ्या रुग्णालयाच्या वीजजोडणीतून उरलेली, तर मूठ एका मोडक्या कानशीची. या दोघींची गाठ घालून दिली ती त्याच रुग्णालयाच्या वायरमनने. त्यांना सगळे भाऊ म्हणत. निवृत्तीला सहा महिने उरले असताना भाऊंनी एका संग्रहालयात बोटाच्या पेराएवढे दगडी बाणाचे टोक पाहिले आणि ते त्या काचेच्या पेटीसमोरून हलेनात. रखवालदाराने दोनदा घंटा वाजवली, तेव्हा कुठे बाहेर पडले. दुसऱ्याच दिवशी माझा जन्म झाला.

भाऊंसोबत त्यांच्या थोरल्या भगिनी, अक्का, राहत. त्या त्याच रुग्णालयात मेट्रन होत्या. वॉर्डातल्या पंख्यांनीही त्यांना विचारूनच फिरावे, असा त्यांचा दरारा. आता त्या दरबारात भाऊ हे एकटेच प्रजाजन उरले होते. भाऊ एका प्लंबरकडून फुटके बेसिन मागून डोक्यावर घेऊन घरी आले, त्या दिवसापासून अक्का त्यांना ‘आदिमानव’ म्हणू लागल्या. “आदिमानवा, गुहेतून बाहेर ये, जेवण वाढलंय,” अशी हाक रोज मागच्या गॅलरीपर्यंत येई.

पण अक्का केवळ टोमणे मारून थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी नियम घालून दिले. काम गॅलरीतच करायचे. खाली ताडपत्री, डोळ्यांवर जाड चष्मा, तळहातावर चामड्याचा तुकडा. काचेचा चुरा स्वतः वेचायचा आणि झाकणाच्या डब्यात भरून वर ‘काच’ असे लिहायचे, म्हणजे कचरा नेणाऱ्याचा हात कापणार नाही. माझ्या मते कुठल्याही हौसेला अशी एक मेट्रन असावीच.

पहिल्या वर्षी भाऊंनी काय मोडले असेल ते विचारू नका. त्यांना हळूहळू उमगले की, कपच्यांच्या प्रत्येक फेरीनंतर कड खरखरीत दगडावर घासावी लागते, नाहीतर नाजूक कड माझ्या दाबाखाली चुरा होऊन जाते. त्यांचा अंगठा शहाणा झाला. बाटल्यांचे तळ, बेसिनचे पांढरे तुकडे, चकमकीचे काळे दगड, या सगळ्यांतून पानासारखी रेखीव टोके उतरू लागली. एका शाळेने ती प्रदर्शनात मांडली. मुले मला हातात घेऊन म्हणाली, “एवढीशी हीच का ती?” त्या दिवशी मी जितकी चमकले तितकी पुन्हा कधी चमकले नाही.

भाऊंचा एक रिवाज होता. टोक पुरे झाले की काच कापायच्या हिरकणीने ते त्याच्या बुंध्याशी एक बारीक रेघ आणि सालाचा आकडा कोरत. कुणी आपले काम जुनेपुराणे म्हणून विकू नये, कुणाची फसवणूक होऊ नये, एवढाच हेतू. रेघ कोरल्याशिवाय त्यांनी एकही टोक कुणाच्या हाती दिले नव्हते.

आणि त्यांचा एक दोषही होता. हात थांबत नसे. टोक उत्तम साधले तरी कुठेतरी तिळाएवढा उंचवटा दिसे आणि भाऊ पुटपुटत, “अजून एकच.” त्या एका कपचीने किती टोकांचे दोन तुकडे केले, याची साक्षीदार मी आहे. दाबणारी मीच होते ना.

एके सकाळी अक्कांच्या हातून एक बाटली पडली. त्यांची आई तिच्यात केसांचे तेल ठेवी. जाड, निळी, हातभर अंतरावरूनही थंड वाटावी अशी ती बाटली आई गेल्यापासून अक्कांच्या खिडकीत उभी असे. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी सुपलीत काचा भरल्या, त्यांतला तळ तेवढा बाजूला काढला, धुतला, पुसला आणि गॅलरीत येऊन भावापुढे धरला.

“हल्ली पकड राहिली नाही माझ्या बोटांत,” त्या म्हणाल्या. “याचं काहीतरी कर. माझ्या खिडकीत ठेवायला.”

असा दुसरा तळ जगात नव्हता. दोन आठवडे भाऊ तो नुसता उजेडात धरून पाहत आणि परत ठेवत. मग त्यांनी मला हातात घेतले. आठ दिवस आम्ही जपून काम केले. मला असे वाटे की, आम्ही काच घडवत नाही, कुणाच्या तरी जखमेवरची पट्टी सोडवत आहोत. नवव्या दिवशी निळे टोक तयार झाले. इतके सुंदर काम आमच्या हातून कधी झाले नव्हते. फक्त मध्यभागी एक उंचवटा होता. तिळाएवढा.

“अजून एकच,” भाऊ म्हणाले.

मी जीव तोडून मागे सरले असते, पण हत्याराला मागे सरता येत नाही. टिक् असा आवाज झाला आणि टोकाचे बरोबर मधोमध दोन तुकडे झाले.

भाऊ बराच वेळ चष्मा न काढता बसून राहिले. नंतर त्यांनी जे केले ते सांगताना मला त्यांची लाज वाटत नाही, कीव येते. बाजारातून त्यांनी त्याच रंगाची एक बाटली आणली आणि दोन दिवसांत तिच्या तळाचे तसेच टोक घडवले. हिरकणी उचलली, बुंध्याशी नेली आणि परत खाली ठेवली. रेघ न कोरताच त्यांनी ते टोक अक्कांना दिले. अक्कांनी ते खिडकीत ठेवले, भावाकडे पाहिले आणि आयुष्यात प्रथमच म्हणाल्या, “शाबास.”

त्याच संध्याकाळी भाऊंनी मला आणि त्या दोन निळ्या तुकड्यांना एकाच चामड्यात गुंडाळले आणि खणात तळाशी, जुन्या तारांखाली ठेवून दिले. मित्रांनो, अंधार मला नवा नव्हता, पण नकोसे होणे नवे होते. माझे तांबे काळवंडले. बाहेरून गॅलरीचा आवाज येत नव्हता. अक्का विचारत, आदिमानवाने गुहा सोडली की काय, आणि भाऊ सांगत की अंगठा दुखतो. जेवताना अक्का दुसऱ्यांदा वाढू लागल्या तर ते नको म्हणत. ज्या माणसाने परक्यांची फसवणूक होऊ नये म्हणून इतक्या टोकांवर रेघ कोरली, तो आपल्याच बहिणीसमोर मान वर करू शकत नव्हता.

तीन आठवड्यांनी खण उघडला. भाऊंनी आमची गुंडाळी जशीच्या तशी उचलली आणि अक्कांच्या खोलीत जाऊन त्यांच्या मांडीवर सोडली.

“अक्का, आईच्या बाटलीचं हे आहे. मोडलं माझ्या हातून. खिडकीतलं बाजारच्या बाटलीचं आहे.”

अक्कांनी दोन्ही तुकडे तळहातावर घेतले आणि त्यांच्यावरून अंगठा फिरवला.

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “त्याच्यावर तुझी रेघ नव्हती. म्हटलं, जे हा स्वतःचं म्हणत नाही, ते माझ्या आईचं कसं असेल?”

“मग शाबास का म्हणालीस?”

“तुला बोचावं म्हणून. पण तीन आठवडे लावलेस रे. कातडी जाड झाली तुझी.”

भाऊ हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. अक्कांनी खिडकीतले ते टोक उचलून त्यांच्या हातात दिले. यालाही रेघ घाल आणि शेजारच्या छोकरीला दे, त्या म्हणाल्या, काचेचा बिचारीचा काय दोष. मग त्यांनी आईच्या बाटलीचा एक तुकडा बोटाने पुढे सरकवला. यातून लहान होईल का, असे विचारले. भाऊ म्हणाले की होईल, पण अगदी लहान, करंगळीच्या नखाएवढे.

“आईही लहानखुरीच होती,” अक्का म्हणाल्या. “चल. मी बसते समोर.”

त्या खरोखरच ताडपत्रीच्या कडेला स्टूल टाकून, भाऊंचा जुना चष्मा डोळ्यांवर चढवून बसल्या. भाऊंनी माझे टोक कानशीने उजळले. आम्ही कड घासली, दाब दिला, पुन्हा घासली. कपच्या तांदळाच्या कणीएवढ्या निघत होत्या. तीन सकाळी गेल्या. चौथ्या दिवशी ते चिमुकले टोक उजेडात धरले, तेव्हा भिंतीवर निळा ठिपका पडला. भाऊंनी ते डोळ्यांजवळ नेले. एका बाजूला किंचित, अगदी किंचित उंचवटा होता. त्यांचा अंगठा माझ्या मुठीवर घट्ट झाला. मला तो ओळखीचा दाब जाणवला आणि माझा जीव टोकाशी गोळा झाला.

अक्कांनी हात पुढे केला. त्यांनी भावाची बोटे एकेक करून सोडवली, मला काढून घेतले आणि आपल्या मांडीवर ठेवले. पकड नसलेली ती बोटे. पण त्या दिवशी त्यांनी मला असे धरले की भाऊंनी परत मागितले नाही.

तेव्हापासून माझे बिऱ्हाड अक्कांच्या उशाशी आहे. सकाळी त्या मला भावाच्या हाती सोपवतात आणि काम पुरे झाले असे त्यांना वाटले की परत नेतात. माझ्या मुठीला तेल लावतात, तांबे कोरड्या फडक्याने पुसतात. मी दर वर्षी थोडी झिजते. झिजण्याचे मला दुःख नाही; हत्याराला काम करून झिजणेच शोभते.

मात्र तुम्हाला एक बजावून सांगते, आणि हे नीट ऐका. तुमच्या हाती कुणी आपली जपलेली वस्तू दिली आणि ती मोडली, तर दुसरी आणून तिच्या जागी ठेवू नका. तुकडे लपवू नका. ते ज्याचे आहेत त्याच्याकडे ते घेऊन जा, त्याच दिवशी जा. ओरडा बसेल, तो खा. कारण तुकडे आपलेच असले म्हणजे माणूस त्यांवरून अंगठा फिरवू शकतो. मी ते पाहिले आहे.