लाल मोटारीचा सौदा

सदाशिवराव मालगुजारांनी मोटारीचे अकरा हजार मागितले आणि बोरखडी गावाला दुसरा विषय उरला नाही. चावडीच्या ओट्यावर, विहिरीवर, न्हाव्यापुढे मान वाकवून बसल्या बसल्या, जो तो त्या अकरा हजारांना चिमटे काढत होता. मोटारीत माणसं बसणार दोन, त्यातलं एक चालवणार. वर टप नाही. मागे कापसाचं एक बोचकं ठेवायला जागा नाही. पावसाळा लागला की आपल्या काळ्या मातीत ती दिवाळीपर्यंत जागची हलायची नाही. एवढ्या पैशात अख्ख्या गावाच्या बैलजोड्या नव्या होतील, असं एकानं सांगितलं. त्यावर दुसरा म्हणाला की बाबा रे, ही विलायतेत शर्यतीत पळालेली गाडी आहे, अशा साऱ्या हिंदुस्थानात तीनच आहेत. तीन आहेत तर त्यांचं काय लोणचं घालायचं, असं तिसऱ्यानं विचारलं आणि ओटा हसला.

धुरपताला हसू आलं नाही. विहिरीवर शेजारच्या मंदाबाईनं हा आकडा सांगितला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती लाल मोटार गावाला काही नवी नव्हती. तिच्या भोंग्याच्या आवाजानं कोंबड्या उधळत, पोरं मागे धावत, बाया पदर सावरत बाजूला होत. आणि आठ वर्षांपूर्वी, फाल्गुनात, हिंगणघाटला कापूस टाकून रिकामी बैलबंडी घेऊन परतणारा धुरपताचा नवरा कवडू नाल्याच्या वळणावर तिच्याखाली गेला होता. पण मोटारीच्या किमतीच्या एवढ्या गप्पा झाल्या, त्यात कोणाच्या तोंडी कवडूचं नाव नाही. टप नाही म्हणून किंमत कमी करायला सगळे तयार होते.

अर्थात गावाच्या लेखी कवडूला मोटारीनं मारलंच नव्हतं. पंचनाम्यात आलं ते असं, की कवडू दारू पिऊन बंडीवर झोपला होता, बैल बुजले, बंडी नाल्यात उलटली, मोटार तेव्हा दूर होती. चार जणांनी खाली अंगठे उठवले. कवडूनं जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं, हे त्या चौघांना पक्कं ठाऊक होतं. धुरपतानं बंडीच्या मोडक्या चाकाला लागलेला लाल रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी मालकाची, म्हणजे सदाशिवरावांची, माणसं आली, बंडी दुरुस्तीला म्हणून घेऊन गेली आणि नवीन चाक घालून परत आणून दिली. केवढी दया! गावानं मालकाचं कौतुक केलं. धुरपता ओरडली, रडली, दारोदार सांगत फिरली. लोकांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

हे सगळं तिनं गिळलं असतं. तिच्या घशाखाली उतरत नव्हती ती सासू.

सीताबाईचा जन्म मालकाच्या घरी झाडलोट करण्यात गेला होता. सदाशिवरावांना तिनं कडेवर खेळवलं होतं, अजूनही ती त्यांना बापू म्हणायची. कवडू गेला त्या संध्याकाळी हेच सदाशिवराव तिच्या खाटेवर येऊन बसले, तिचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "सीताबाई, पोरगा प्यालेला होता गं. मी तरी काय करणार?" तेवढं म्हातारीला पुरलं. तेव्हापासून ती आपल्या मेलेल्या पोराला शिव्या घालत होती. मालकाचं अंगण झाडताना घालायची, भाकर खाताना घालायची, धुरपतासमोर मुद्दाम मोठ्यानं घालायची. दारुड्या, कुळबुडव्या, बायकोले उघड्यावर टाकून गेला. धुरपता भांडायची, तर तिचं एकच उत्तर असायचं.

"ज्याले मी कडेवर वागवलं, तो मले खोटं काऊन सांगन?"

सौद्याच्या दिवशी म्हातारी सकाळपासून अस्वस्थ होती. मालगुजारीची जमीन सरकारनं काढून घेतली, आता मोटारही चालली, मालकाच्या घरची लक्ष्मीच चालली, असं म्हणून तिनं डोळ्यांना पदर लावला. तिला मोटारीचं शेवटचं दर्शन घ्यायचं होतं. डोळ्यांनी अंधुक दिसे, तेव्हा हात धरून नेणार कोण? धुरपताच. नवऱ्याला चिरडणाऱ्या गाडीला निरोप द्यायला सासूचा हात धरून जायचं, असलं नशीब दुसऱ्या कोणाच्या वाट्याला न येवो. दात-ओठ खात ती निघाली.

मालकाच्या अंगणात निंबाखाली मोटार पुसून उभी केली होती. फाटकाशी अर्धं गाव लोटलेलं. गिऱ्हाईक होते नागपूरचे किसनराव. जुन्या, दुर्मिळ, वेगाच्या मोटारी राजेरजवाड्यांकडून घ्यायच्या आणि हौशी लोकांना विकायच्या, हा त्यांचा धंदा. मध्यस्थ म्हणून रामाजी बसला होता. रामाजी खरा बैलबाजारातला दलाल. मोटारीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण बोरखडीत रामाजीशिवाय सौदा व्हायचा नाही, मग तो गोऱ्ह्याचा असो की विलायती गाडीचा. त्याची एक रीत होती. भाव ठरण्याआधी तो जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि त्याची खोड असेल ती बोलून दाखवायचा. एकदा पाठीवर हात ठेवला की रामाजी खोटं बोलत नाही, अशी सगळ्या बाजारात त्याची ख्याती होती. तेवढ्यावर त्याचं पोट होतं.

आणि हाच रामाजी त्या पंचनाम्यावर अंगठा देणाऱ्या चौघांतला एक.

"अकरा म्हणजे फार झाले, मालक," किसनराव म्हणत होते. "आठ देतो."

"अशा गाड्या तीन होत्या," सदाशिवराव म्हणाले. "कलकत्त्याची सडून गेली. म्हणजे उरल्या दोन. भाव चढायला पाहिजे की उतरायला?"

"घेणारेही तेवढेच उरलेत. संस्थानं गेली, राजे स्वतःच विकत बसलेत. तुमच्या गाडीला नवीन टायर मिळायचे नाहीत. एखादा भाग मोडला तर विलायतेला तार करायची."

"तिचं एंजिन ऐका. ताशी शंभर मैल पळालेली आहे ती."

"बोरखडीच्या रस्त्यावर?"

लोक हसले. सदाशिवरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घासाघीस होत होत आकडा दहा हजारांवर आला. तेव्हा किसनराव उठले आणि मोटारीभोवती फिरले. पुढच्या डाव्या चाकावरच्या पत्र्यावरून त्यांनी तळवा फिरवला, खाली वाकून पाहिलं, पुन्हा फिरवला.

"हा पत्रा ठोकून सरळ केलाय. वर नवीन रंग दिलाय. आतला दांडाही वाकलेला दिसतो. मालक, गाडी धडकलेली आहे. असल्या गाडीची किंमत जशीच्या तशी असण्यात असते. धडकलेलीचे मी दहा देत नाही."

"धडकलेली वगैरे काही नाही," सदाशिवराव सहज बोलून गेले. "एकदा नाल्यापाशी रोही आडवा आला होता. निघून गेला. पत्र्याला थोडा पोचा आला, एवढंच."

धुरपतानं सासूचा हात सोडला.

दारुड्या म्हटलं होतं, ते तिनं आठ वर्षं ऐकलं. पण आता तिचा नवरा दारुड्यासुद्धा राहिला नाही. दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून मालकानं त्याचं जनावर करून टाकलं. रानातली नीलगाय, कपाशी खाणारी, लोक दगड मारून हाकलतात ती. काय होतंय ते लोकांना कळायच्या आत ती गर्दीतून वाट काढत मोटारीपुढे जाऊन उभी राहिली होती.

"थो रोही नव्हता," ती म्हणाली. "थो बंडीवर बसलेला माहा नवरा होता. कवडू नाव होतं त्याचं."

सदाशिवराव लाल झाले.

"हिला बाहेर काढा रे. डोकं फिरलेलं आहे हिचं."

किसनरावांनी मात्र हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तिच्याबद्दल त्यांना काही वाटलं असेल तर ते चेहऱ्यावर दिसलं नाही. माल घेताना खोड निघाली, तर ती नीट तपासायची, एवढंच ते करत होते.

"रोही अंगावरून उडून जातो. माणसासकट बंडीला धडकली असेल तर दांडा हललाच. दीड हजाराचा फरक पडतो. रामाजी, तुम्ही मध्यस्थ आहात. काय होतं?"

रामाजी मालकाकडे पाहायला लागला, मग जमिनीकडे.

"काऊन जी, रामाजीबुवा," धुरपता म्हणाली, "ठेवा न हात. बैलाच्या पाठीवर ठेवता तं मोटारीवर ठेवाले काय झालं? तुमी तं नाल्यावरच होते त्या रोजी. ठेवा हात अन् सांगा सगळ्याइले, रोही होता का मानूस होता."

फाटकाशी जमलेले हेच लोक म्हणजे रामाजीचा बैलबाजार. आज हात न ठेवता उठला तर उद्या त्याच्या शब्दावर गोऱ्हाही कोणी घेणार नव्हतं. तो उठला, त्या लाल पत्र्यावर त्यानं हात ठेवला आणि खाली मान घालून म्हणाला, "मानूस होता. बंडीले मोटार मांगून लागली. मी पाह्यलं."

एका सौद्यासाठी! तिच्या नवऱ्याचं प्रेत नाल्यात पडलं होतं तेव्हा या माणसाची जीभ उचलली नव्हती. पोलिसांपुढे खोटं बोलताना त्याला काही वाटलं नाही, पण गिऱ्हाइकापुढे खोटं बोलणं त्याच्या अब्रूला लागत होतं. धुरपताला वाटलं, तोच हात धरून करकचून पिरगाळावा.

"मग साडेआठ," किसनराव म्हणाले.

सदाशिवरावांनी क्षणभर विचार केला. एवढं गाव जमलं होतं, नागपूरचं गिऱ्हाईक पुन्हा यायचं नव्हतं, आणि मोटार अंगणात राहून सडायची ती सडायचीच.

"बरं," ते वैतागून म्हणाले. "माणूस तर माणूस. घ्या साडेआठला."

झालं. सौदा तुटला नाही म्हणून लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. किसनराव मोटारीत बसले. गाडी फाटकाबाहेर नीट निघाली की पैसे देतो म्हणाले, आणि एंजिन सुरू झालं. लोक तर लगेच आपसात वाद घालू लागले, माणूस मारलेल्या गाडीला साडेआठ म्हणजे जास्त झाले की कमी.

गर्दीतून चाचपडत सीताबाई पुढे आली होती. "रामाजी काय बी बोलन," ती कोणाला तरी सांगत होती. "मालकानं कुठं म्हटलं? बापू, हे लोक काय बोलून राह्यले?"

"सीताबाई, तू घरी जा," सदाशिवराव तिच्याकडे न बघता म्हणाले. "ही सौद्याची बोलणी आहेत. तुला कळायची नाहीत."

धुरपता मोटारीपुढून हलली नाही. किसनरावांनी भोंगा वाजवला. तिनं पदर खोचला आणि ती सदाशिवरावांकडे वळली.

"बुढीले कळत नाई म्हन्ता न? तिले कळन असं सांगा. कवडू प्यालेला नव्हता, एवढं सांगा, मंग मी हटतो."

सदाशिवरावांनी खिशात हात घातला, नोटा काढल्या आणि तिच्यापुढे धरल्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मले पैसे नोको. दीड हजार तं तुमी उभ्या उभ्या सोडले. हे खोटं सोडाले एवढं जड काऊन जाऊन राह्यलं?"

"मालक," किसनराव मोटारीतून ओरडले, "एंजिन तापतंय. काय सांगायचं ते सांगून मोकळे व्हा, नाहीतर मी उतरतो. मला अंधाराआधी नागपूर गाठायचं आहे."

सदाशिवरावांनी आजूबाजूला पाहिलं. नेहमी त्यांच्या बाजूनं बोलायला पुढे होणारे लोक आज मोटारीची चाकं बघत होते.

"प्यालेला नव्हता," ते पुटपुटले.

"मोठ्यानं."

"कवडू प्यालेला नव्हता. झालं?"

"नाई झालं. मोटार कोन चालवत होतं?"

आता किसनरावांनी आपणहून एंजिन बंद केलं. सदाशिवरावांनी धुरपतावरची नजर बाजूला वळवली, आणि त्यांना सीताबाई दिसली. ती त्यांच्या अगदी जवळ येऊन उभी होती, नीट दिसावं म्हणून चेहरा वर करून.

"मी," ते म्हणाले.

धुरपता बाजूला झाली. पण सीताबाई तिथेच उभी राहिली. ओरडली नाही, छाती पिटली नाही. जन्मभर ज्याच्याशी मालक म्हणून अदबीनं बोलली, त्याला तिनं पहिल्यांदा एकेरीत विचारलं.

"तुह्याच अंगनात झाडत झाडत मी माह्या पोराले शिव्या देत होतो, बापू. तू वसरीवर बसून राहे. तू आयकत होता न?"