पाहुण्यापुढे दुखणं

सोनुन-आपानं डॉक्टरसाठी चहा ओतला तेव्हा अनारकुलला हसू आवरेना. डॉक्टर बसलाय राजधानीत, आणि त्याचा चहा इथे, टॅबलेटसमोर, सायीच्या वाटीशेजारी! एकतीस वर्षं नर्स म्हणून नारीनच्या डोंगरातली घरं तिनं पायी पालथी घातली होती, आणि पडद्यावरच्या डॉक्टरपायी याच घरातून तीनदा हात हलवत परतली होती. जो उंबरठा ओलांडत नाही त्याला दुखणं काय सांगायचं, असं आपा म्हणायची. हल्ली नदीवरून घरी येताना म्हातारी चारदा खाली बसते, असं शेजारीण म्हणाली, म्हणून अनारकुल हट्टालाच पेटली होती.

आज आपानं मखमली कोट चढवला होता, पांढराशुभ्र रुमाल बांधला होता. डॉक्टरनं तब्येत विचारली. आपा म्हणाली, देवाची कृपा आहे. मग उलट तिनंच त्याच्या आईवडिलांची, मुलाबाळांची खुशाली विचारली. रक्तदाब घ्यायला तिनं बाही वर करू दिली नाही; परक्या पुरुषासमोर हे काय, म्हणून डोळे वटारले. डॉक्टर हसला. चेहऱ्यावर चांगली लाली आहे, महिन्यानं पुन्हा बोलू, म्हणाला. दोन्ही हातांनी टॅबलेट धरलेल्या अनारकुलला अगदी भरून पावल्यासारखं झालं.

कॉल संपला. आपा भिंतीला टेकली आणि ओल्या फडक्यानं तिनं तोंड पुसलं. फडकं लाल झालं. बीटाचा रस होता तो. खालचा चेहरा मेणासारखा पांढरा, ओठसुद्धा. अनारकुलनं तिच्या पायांवरची दुलई बाजूला केली. दोन्ही पाय टम्म सुजलेले.

एरवी दारातून आत शिरताच ती आपाचा हात हातात घ्यायची. आज तिनं नुसतं टॅबलेटच्या काचेत पाहिलं होतं.

"आपा, बरी आहे म्हणून का सांगितलंस?"

"पहिल्यांदा घरी आलेला माणूस, पोरी. त्याच्यापुढे रडगाणं गाऊ?" आपाला धाप लागली होती.

अनारकुलनं पुन्हा कॉल लावला आणि एका हातानं आपाची नाडी धरून टॅबलेट तिच्यासमोर केला. पडद्यावर डॉक्टर पुढे झुकला. त्याचा चेहरा उतरला.

"यांना आत्ताच्या आत्ता गाडीत घाला," तो म्हणाला. "नाव काय या आजींचं? आधी कधी बोललोय का आपण यांच्याशी?"

आपानं रुमाल डोळ्यांपर्यंत पुढे ओढून घेतला.