साखरपुड्याचा पिंजरा

नलूबाईंच्या मोबाईलवर सोमवारी सकाळी एका मुलीची नवी ऑर्डर आली. साखरपुड्याच्या अंगठ्या ठेवायला शोभेचा छोटा पिंजरा हवा होता. कागदी फुलं आणि मोतिया रिबीन लावून सजवलेला. खाली नावं होती, निशांत आणि चारुता. आडनाव वाचून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. निशांत त्यांचा जावई.

दोन वर्षांपूर्वी त्यांची लेक आकांक्षा आठ दिवसांच्या तापात गेली. त्यानंतरही निशांत दर रविवारी सावंगीहून नाचणगावला यायचा, सासऱ्यांसोबत, म्हणजे अण्णाजींसोबत, जेवायचा. दिवाळीपासून मात्र येणं बंद झालं होतं. "दुसरं लग्न कर बाप्पा," असं नलूबाईच त्याला म्हणाल्या होत्या. पण ते परक्या मुलीच्या मेसेजमधून कळेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"नाई म्हणून सांग तिले," अण्णाजी चिडले.

"तिचा काय दोष? तिले माहीत तरी असन का?"

नलूबाई कामाला बसल्या. क्रेप कागदाच्या पट्ट्यांना कात्रीच्या पात्यानं वळण देऊन गुलाब केले, पिंजऱ्याच्या तारांवर चिकटवले. मोगऱ्याच्या कळ्या मात्र जमेनात. कळ्या नेहमी आकांक्षा करायची. टिश्यूचा तुकडा चिमटीत फिरवला की कळी तयार! नलूबाईंच्या हातून नुसते गोळे होत होते. पाच-सहादा केले, मोडले, आणि शेवटी पदरात तोंड खुपसून त्या हमसाहमशी रडल्या. अण्णाजी येऊन शेजारी बसले. त्यांनी रिबिनीचं टोक धरून ठेवलं, तेव्हा कुठे वरचा बो बांधून झाला.

शुक्रवारी चारुता स्वतःच आली. "किती सुंदर झालाय हो, काकू!" म्हणत तिनं पिंजरा उचलला आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे तिचं लक्ष गेलं. तोच चेहरा तिनं निशांतच्या घरी पाहिला होता. तिनं पिंजरा हळूच खाली ठेवला.

"मला खरंच माहीत नव्हतं, काकू. तुमच्या कामाचे फोटो आवडले म्हणून मी..."

"मले नावं वाचूनच समजलं होतं, पोरी."

"मग का केलात?"

"माह्या जावयाचं काम दुसऱ्याच्या हातानं होऊ देववलं नाई."

चारुताचे डोळे भरून आले. "तुमच्यासमोर यायची निशांतना हिंमत होत नाही."

"आम्ही रागावलो नाई म्हणा त्याले. खुशाल येजो म्हणा."

साखरपुड्याच्या संध्याकाळी निशांतचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता.

"पिंजरा सगळ्यांना आवडला," तो म्हणाला. "आधी सांगायला हवं होतं. चुकलंच माझं, काकू."

काकू! लग्न झाल्यापासून तो त्यांना आई म्हणत आला होता. कोणी जवळ उभं असेल म्हणून म्हणाला असेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

"सुखानं राहा," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"काय म्हणे?" अण्णाजींनी विचारलं.

नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून नलूबाईंना खरं बोलवेना. "येतो म्हणे रविवारी."

रविवारी अण्णाजींनी सकाळीच दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसले. एक वाजला, दोन वाजले. "जेवून घ्या," म्हणून त्या दोनदा बाहेर आल्या.

"थांब ना, गाडी लेट असन त्याची," अण्णाजी म्हणाले, आणि रस्त्याकडे पाहत राहिले.