शिडी, पंप आणि बुटक्यांचा वाटा

मित्रांनो, मी सफरचंदाच्या बागेतली एक जुनी लाकडी शिडी आहे. मला तीन पाय आहेत, चौदा पायऱ्या आहेत आणि फवारणीच्या पंपाचा मनापासून हेवा वाटतो. पुढे कळणारच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझा जन्म इंग्लंडात, सॉमरसेटमधल्या एका सुताराच्या अंगणात झाला. या बागेचे मालक जेथ्रो आजोबा यांनी मला खांद्यावरून इथे आणलं. चाळीस वर्षं इथलं एकही सफरचंद माझ्याशिवाय खाली उतरलं नाही. जी आपणहून पडली, ती मी धरत नाही. येणारेजाणारे म्हणायचे, "काय शिडी आहे!" निदान एकजण म्हणाला होता.

मग आजोबांची नात टॅमसिन बाग बघू लागली आणि पंप आला. लाल, रबरी चाकांचा. तिने त्याचं नाव ऑगस्टस ठेवलं. मला अजूनही 'ती शिडी' म्हणतात. पावसात त्याच्यावर ताडपत्री असते. माझ्यावर कोंबडी.

त्याच सुमारास बागेत सड आली. फळावर आधी तपकिरी डाग, मग त्यावर पिठूळ पुटकुळ्यांची गोल गोल वर्तुळं. शेजारच्या फळाला टेकलं की तेही गेलं. ही बुरशी. ऑगस्टस फवारत होता, सड वाढत होती. मला फार वाईट वाटलं, असं मी म्हणायला हवं.

सगळ्यात जास्त सडायचं ते मधलं म्हातारं झाड.

"आजोबा, यंदाही असंच झालं तर हे झाड तोडायचं," टॅमसिन म्हणाली. "सगळी बाग घेऊन जाईल."

"तुझ्या आजीने लावलंय ते."

"म्हणून तर तीन वर्षं थांबले."

आता एक कबुली. आमच्याकडे फळं उतरवताना शेवटची काही झाडावरच ठेवतात, बागेतल्या बुटक्यांसाठी. ते कुणाला दिसत नाहीत, पण बागेला बरकत देतात. आजोबा पडले सज्जन. फळ वाऱ्याने पडून बुटक्यांचा अपमान नको, म्हणून ते त्याच म्हाताऱ्या झाडाच्या उंच फांद्यांवर प्रत्येक देठ सुतळीने बांधायचे. फळं मात्र डागाळलेलीच निवडायचे, कारण चांगली बाजारात जात. त्यांना वर कोण न्यायचं? मी. ऑगस्टसला पायऱ्या नाहीत, याचा मला इतका आनंद होता की दुसरा काही विचारच केला नाही.

त्या झाडावर बांडगूळ दाट, त्यामुळे खालून काही दिसायचं नाही. छाटणीही आजोबाच करायचे. यंदा जानेवारीत त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून टॅमसिन माझ्यावर चढली. वर गेल्यावर तिने बांडगूळ बाजूला सारलं. मग,

"आजोबा!"

"काय गं?"

"इथे तेवीस सफरचंदं आहेत. सुकून काळी पडलेली. प्रत्येकाला फूलगाठ मारलीय."

"गाठी माझ्या," आजोबा म्हणाले. "फळं बुटक्यांची."

"अहो, सड याच फळांत हिवाळा काढते! थंडी सरली की इथूनच बुरशी उडते आणि बागभर बसते. मी खालून फवारतेय आणि तुम्ही वर तिला घर बांधून देताय!"

आजोबांनी टोपी काढली. "दरवर्षी वाटायचं, हे नेत का नाहीत," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, गाठ सुटत नसेल."

तेवीसच्या तेवीस फळं सुतळीसकट उतरली. रोगट फांद्या छाटल्या. सगळं खोल खड्ड्यात पुरलं. तीन दिवस मी कामावर होते आणि ऑगस्टस ताडपत्रीखाली. त्याहून सुंदर तीन दिवस मला आठवत नाहीत. पुढे उन्हाळाभर सडकं फळ दिसलं की त्याच दिवशी काढायचं, हा नियम झाला. हंगामाला म्हाताऱ्या झाडावर सडकी निघाली मोजून चार. टॅमसिनने कुऱ्हाड परत खुंटीला टांगली. आजोबांनी झाडाला थोपटलं. मला वाटलं, आता माझी पाळी.

पण बुटक्यांचा वाटा राहिला होता. तो झाडावर नको, असं ठरलं. म्हणून टॅमसिनने चांगली सफरचंदं भाजून बशीत घातली. बशी ठेवायची कुठे? माझ्या पायऱ्या अरुंद. ऑगस्टसचं झाकण सपाट. सकाळी बशी रिकामी! "वा रे पठ्ठ्या," आजोबा म्हणाले आणि त्यांनी ऑगस्टसला थोपटलं.

खाणारी माझ्यावरची कोंबडी होती. मी पाहिलं, पण बोलले नाही.

तर मित्रांनो, सुकलेलं, सडकं फळ झाडावर ठेवू नका. शिडी घ्या, वर चढा, ते काढा आणि खोल पुरा. खाली आल्यावर शिडीला एकदा थोपटा. पंपाला नंतर थोपटलं तरी चालेल. नाही थोपटलं तरी चालेल.