नवव्यांदा बांधलेली माशी

मी एक गळ. बारा नंबरचा, करंगळीच्या नखाएवढा. हिंगोलीच्या एका दुकानात पुडीत पडून होतो, तिथून ग्यानोबानं मला हट्टा गावी आणलं. गळाला गांडूळ लावायचं आणि कालव्यात सोडायचं, एवढंच त्याला माहीत. माझ्या सोबतचे सगळे त्याच कामाला लागले. माझं मात्र वेगळंच झालं.

ग्यानोबाची बायको पंचफुला शिवणकाम करायची. ब्लाउज शिवावा तर तिनंच, असं गावातल्या बाया म्हणत. गेल्या उन्हाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय दोन महिन्यांत सावरला, हात मात्र तसाच राहिला. बोटं कशीबशी मिटायची, पण बधिर. सुई चिमटीत आहे की गळून पडली, हेही कळत नव्हतं. वसमतच्या दवाखान्यातून व्यायामासाठी रबरी चेंडू मिळाला होता. तो ती चार वेळा दाबायची आणि पलंगाखाली भिरकावायची.

"दाबून दाबून काय निघून राहिलं? मी काय लहान लेकरू हाय का?"

मशीनवर चादर पडली. ग्यानोबा एकदा चाचरत म्हणाला, "आपल्या पूजाला देऊन टाकावी का मशीन? पडून खराब होऊन राहिली." पूजा त्याची पुतणी. पंचफुला त्या दिवशी जेवली नाही.

मग सुट्टीला तिची मुलगी सपना आली. तिनं मोबाईलवर आईला एक व्हिडिओ दाखवला. कुणीतरी परदेशी माणूस गळावर दोरा गुंडाळत होता, त्यात पीस अडकवत होता, आणि बघता बघता गळाची माशी होत होती. मासा त्यालाच किडा समजून धरतो म्हणे. पंचफुलानं तो व्हिडिओ तीनदा पाहिला.

"काज करावं तसंच हाय की हे," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "मशीनचं दिवाळीपर्यंत थांबा."

सपनानं ग्यानोबाच्या पुडीतून मला काढून पक्कडीच्या तोंडात धरलं, पक्कड मिटून राहावी म्हणून तिच्या दांड्यांना रबर गुंडाळलं आणि ती मशीनच्या फळीला बांधली. भरतकामाच्या रेशमाचा एक पदर सुटा केला. शेजारच्या पद्माबाईनं कोंबडा कापला होता, त्याच्या मानेची तांबडी पिसं आणली. आणि पंचफुला उजव्या हातानं माझ्यावर दोरा गुंडाळू लागली.

पहिल्या वेळी सगळं गुंडाळलेलं माझ्या अंगावरून घसरून खाली आलं. दुसऱ्या वेळी तिनं जोरात ओढलं, दोरा तुटला. तिसऱ्या वेळी पीस एका बाजूलाच फुललं. चौथ्या वेळी माशी बरी झाली, पण दोरी ओवायचं माझं भोकच दोऱ्याखाली बुजून गेलं. दर वेळी ती ब्लेडनं सगळं कापायची आणि मला परत उघडं करायची. तिच्या कपाळावरचा घाम मला दिसायचा. मी लोखंडाचा, मला काय करता येणार होतं?

पाचव्यांदा तिचं बोट सटकलं आणि मी टोचलो. रक्ताचा थेंब आला. मला फार वाईट वाटलं. पण ती थोडा वेळ बोटाकडे नुसती बघत राहिली आणि एकदम ओरडली,

"अहो! इकडं या! मला टोचलेलं कळलं!"

ग्यानोबा अंगणातून धावत आला. "काय झालं?"

"कळलं मला. या बोटाला दुखून राहिलंय!"

त्यानं तिचं बोट हातात घेतलं, रक्त पुसलं, आणि तो बराच वेळ ते बोट धरूनच बसला.

नवव्यांदा मी पूर्ण झालो. डोकं जाड, एक बाजू आखूड, गाठीवर सपनाचं लाल नेलपॉलिश. ग्यानोबानं मला निरखून पाहिलं. "याला मासा न्हाई, कोंबडीच येईल."

"काहून? टाकून तर बघा. न्हाईतर थांबा, मीच टाकते."

बांबूच्या काठीला दोरी बांधून ती कालव्यावर बसली. दोन दिवस मी पाण्यावर नुसता तरंगलो. तिसऱ्या दिवशी सकाळी एका चिलापी मासळीनं मला गपकन ओढलं. काठी वाकली. पंचफुलाची उजवी मूठ सुटायला लागली. ग्यानोबा पुढे झाला.

"हात नका लावू!" ती म्हणाली. डाव्या हातानं तिनं उजवी मूठ काठीवर दाबून धरली आणि तशीच मागे मागे सरकत गेली. चिलापी काठावर येऊन फडफडली. चांगली वीतभर होती. तिच्या तोंडातून मला सोडवताना ग्यानोबा हळूच म्हणाला, "एक मलाबी बांधून दे."

दिवाळी आली. सुई अजून तिच्या चिमटीत ठरत नव्हती. तेव्हा तिनं स्वतःच पूजाला बोलावलं. "मशीन इथंच राहील. तू शिव, मी बेतून देते, चुकलं तर सांगते." आता पूजा रोज येते. पंचफुला शेजारी बसून माश्या बांधते. आता कधीकधी दुसऱ्याच प्रयत्नाला साधते.

गेल्या आठवड्यात ती तपासणीला वसमतला गेली, तेव्हा मला डबीत घालून नेलं. शिरड शहापूरच्या द्वारकाबाई तिथं भेटल्या. त्यांचाही हात असाच गेलेला, आणि त्यांचाही चेंडू पलंगाखालीच. आज मी त्यांच्या घरी आहे. पीस माशानं चावलेलं, अंगावर थोडा गंज. पंचफुलानं मला पक्कडीत लावलं आणि त्यांच्या हातात ब्लेड दिलं.

"एवढी छान माशी मोडू व्हय?" द्वारकाबाई म्हणताहेत.

"मोडा. मीबी आठदा मोडली."

ब्लेड माझ्या अंगावर टेकलंय. द्वारकाबाई, कापा बिनधास्त. मला दुखत नाही. दोरा घाईनं ओढू नका, तुटतो. आणि चुकून टोचलो, तर लगेच हात मागे घेऊ नका. आधी बघा, कळतंय का.