बोटभर कापलेला कागद

द्वारकाबाईंना उमाचा राग येत होता आणि तो का येतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्या दुसरीच कारणं सांगत फिरत. उमा उशिरा येते, तिचा आवाज बारीक आहे, तिला पोरांना शिस्त लावता येत नाही. खरं कारण साडेचार वर्षांचं होतं, दोन वेण्या घालायचं आणि त्याचं नाव अंबिका होतं.

चिकलठाण्यात कारखाने वाढले तशा बायकाही कामाला जाऊ लागल्या, तेव्हा गावच्या आप्पासाहेबांनी देवळामागच्या खोलीत बालवाडी काढली. पहिल्या दिवसापासून बाई म्हणून द्वारकाबाईच. अंबिका आली तेव्हा तोंडातून शब्द काढत नसे. तिची आई कारखान्यात पाकिटं भरायला जाई आणि चारला परत येई. बाकीची पोरं बाराला घरी गेली की ही द्वारकाबाईंच्या मांडीवर येऊन बसायची, त्यांच्याच डब्यातली भाकरी खायची आणि तिथंच झोपायची. द्वारकाबाईंचे दोन्ही मुलगे मोठे झाले होते आणि आईकडं जेवणापुरतेच बघत होते. त्यामुळं ही मांडीवरची पोर त्यांना फार मोलाची होती.

दिवाळीनंतर दुसरी बाई म्हणून उमा आली. शहरातली, गुलमंडीकडची, बालशिक्षणाचा कोर्स केलेली. पळस फुलायला लागला तशी ती एक दिवस घोटीव कागदाचा गठ्ठा घेऊन आली आणि म्हणाली, "आता वसंत आलाय, आपण कागदाचा वसंत करू या." कोनावर कोन, कडेवर कड, वरून नखाचा दाब. बघता बघता तिच्या हातात पिवळं फुलपाखरू, हिरवा पोपट आणि एक लाल फूल तयार. फुलाचं नाव म्हणे ट्यूलिप.

"ट्यूलिप!" द्वारकाबाई घरी जाऊन नवऱ्यापुढं फणफणल्या. "चिकलठाण्यात कोणाच्या बापानं पाह्यलंय व्हय ते? आंब्याला मोहर आलाय, लिंबाला पालवी फुटलीय, ते दिसंना का तिला?"

नवरा म्हणाला, "पोरांना आवडतंय ना, मग झालं." त्या दिवशी त्याला भाजीत मीठ जरा जास्तच मिळालं.

पोरांना आवडतच होतं, तेच तर दुखणं होतं. एके दुपारी अंबिका डबा खायला आलीच नाही. उमाच्या गुडघ्याला टेकून ती घडी घालत होती आणि चक्क बोलत होती. "ताई, हे पंख असे का?" द्वारकाबाईंनी हे वाक्य ऐकलं आणि हातातली भाकरी परत डब्यात ठेवली. दोन वर्षं मांडीवर बसवलं त्यांनी आणि तोंड उघडलं ते हिच्यापुढं. त्या जळत होत्या, अगदी आतून जळत होत्या. त्यानंतर महिनाभर अंबिका रोज उमाकडंच बसली.

पाडव्याच्या आधी आईबापांना बोलावून पोरांकडून फुलं-पोपट करवून दाखवायचे असं ठरलं. उमानं घरी फूटपट्टी लावून चाळीस चौकोन कापले, गठ्ठा दोऱ्यानं बांधला आणि आदल्या दिवशी कपाटात आणून ठेवला. मग आप्पासाहेबांकडं खुर्च्या सांगायला ती लवकर गेली. खोलीत द्वारकाबाई उरल्या आणि सतरंजीवर झोपलेली अंबिका.

द्वारकाबाईंनी गठ्ठा सोडला. आधी वाटलं, फाडूनच टाकावा. पण ते लगेच दिसलं असतं. मग त्यांना सुचलं. घडी सगळी चौकोनावर चालते, महिनाभर दातओठ खात त्यांनीही ते पाहून ठेवलं होतं. चारही बाजू सारख्या नसल्या तर कोनावर कोन येतच नाही. त्यांनी कात्री घेतली आणि थोडे थोडे कागद धरून सगळ्यांची एका बाजूनं बोटभर पट्टी कापून टाकली. कागद नुसता बघून कुणाला कळलं नसतं. दोरा पुन्हा बांधून त्या हात धुऊन आल्या. त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, लईच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खोली भरली. आप्पासाहेब पुढच्या खुर्चीवर बसले होते. अंबिकाची आईसुद्धा अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती. उमा म्हणाली, "कोनावर कोन." पोरांनी कोन धरले, पण कडा काही जुळेनात. फुलं वाकडी व्हायला लागली. एक पोपट झाला, त्याला चोचच नव्हती. एक बाप मोठ्यानं हसला. दोन पोरं रडायला लागली. उमाचा चेहरा लाल झाला. तिनं दोन कागद उजेडात धरून पाहिले आणि ती म्हणाली, "मुलांनो, रडू नका. चूक तुमची नाही. कागद मीच चुकीचे कापले."

भिंतीला टेकून बसलेल्या द्वारकाबाई हे सगळं डोळे भरून बघत होत्या. तेवढ्यात अंबिका उठली. सगळ्यांच्या मधून वाट काढत ती त्यांच्याकडं आली आणि मांडीवर चढून बसली. महिन्यानं. द्वारकाबाईंना वाटलं, जिंकले. त्यांनी तिला जवळ ओढलं. पोर मात्र ताठ बसली होती, डॉक्टरपुढं बसतात तशी. तिनं तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"बाई, मी जागी होते. कात्रीचं मी कुणाला नाय सांगितलं. मला मारू नका."

द्वारकाबाईंनी या पोरीवर कधी हात उगारला नव्हता. दोन वर्षांत तिनं त्यांच्याशी केलेलं हे पहिलं बोलणं होतं. त्यांनी किती वाट पाहिली होती त्याची, आणि ते असं आलं.

उमा समोर अजून आईबापांची माफी मागत होती. द्वारकाबाईंनी अंबिकाला खाली उतरवलं आणि भिंतीला धरून त्या उभ्या राहिल्या.

"उमाताई, तुम्ही नाय चुकला," त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता. "कागद नीटच होते. ते मी कापले. ही पोर तुमच्याकडं बसायला लागली, ते मला बघवंना."

उमानं हातातले कागद खाली ठेवले आणि ती बघतच राहिली. आप्पासाहेबांनी मान फिरवली. द्वारकाबाईंनी खाली पाहिलं आणि हात पुढं केला. "अंबे, मी नाय मारणार गं तुला. ये."

अंबिकानं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग उमाकडं. मग ती पळत गेली आणि आईच्या पदराआड जाऊन उभी राहिली.